कोरड्या हवेचा हिशेब

जुलै महिन्यात मुंबईच्या हवेत दर घनमीटरमागे साधारण २३ ग्रॅम पाणी असते. ते वाफेच्या रूपात असल्यामुळे दिसत नाही. कारखान्यातला कॉम्प्रेसर ही हवा ओढतो आणि ७ बारला दाबतो, म्हणजे जवळजवळ आठ घनमीटर हवा एका घनमीटरच्या जागेत कोंबतो. हवेची जागा आठपटीने घटली, तरी पाणी होते तेवढेच राहते. आफ्टरकूलरमधून ४० अंशांना बाहेर पडणारी हवा, मग तिचा दाब कितीही असो, दर घनमीटरला ५१ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ धरू शकत नाही. उरलेले सव्वाशे ग्रॅम पाणी होऊन खाली बसते. कारखान्यात नेहमी दिसणाऱ्या ५०० सीएफएमच्या कॉम्प्रेसरला हा हिशेब लावला, तर तासाला सुमारे १४ लिटर आणि तीन पाळ्यांत तीनशे लिटरच्या वर पाणी निघते. हे पाणी कुणी मागवलेले नसते आणि त्याच्या पाइपची तरतूद बहुधा कुणी केलेली नसते.

आता हेच यंत्र एप्रिलच्या दुपारी पुण्यात चालवा. बाहेर ३८ अंश आणि आर्द्रता २० टक्के. हवेत दर घनमीटरला जेमतेम ९ ग्रॅम पाणी, मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. पण बाहेरच इतके ऊन असल्यामुळे आफ्टरकूलरमधून हवा ४८ अंशांना निघते. त्या तापमानाला ती ७५ ग्रॅम वाफ धरू शकते आणि तिच्यात असते ७१ ग्रॅम. म्हणजे रिसीव्हरखालचा कॉक उघडला तर थेंबही येणार नाही. ऑपरेटर म्हणेल, हवा अगदी कोरडी आहे. प्रत्यक्षात मुंबईच्या पावसाळ्यात ड्रायरकडे जाणाऱ्या दर घनमीटरमध्ये ५१ ग्रॅम वाफ होती आणि इथे ७१ ग्रॅम आहे. पुण्याचा कोरडा उन्हाळा ड्रायरवर मुंबईच्या पावसाळ्यापेक्षा जास्त भार टाकतो. संध्याकाळी पत्र्याखालची लाइन गार झाली, की दुपारी न दिसलेले पाणी कुठल्या तरी मशीनच्या तोंडाशी टपकू लागते.

हे पुस्तक लिहिण्यामागचे कारण याच उदाहरणात आहे. दाबलेल्या हवेतल्या ओलाव्याबद्दल आपण ऋतूवरून, हाताला लागणाऱ्या ओलीवरून किंवा ड्रायरवरच्या हिरव्या दिव्यावरून अंदाज बांधतो, आणि तो अंदाज बहुतेक वेळा चुकतो. ओलावा मोजावा लागतो. तोही योग्य ठिकाणी, योग्य दाबाला आणि आपल्याला नेमके काय हवे आहे हे ठरवून.

मोजण्यासाठी जो आकडा सर्वत्र वापरतात तो म्हणजे दवबिंदू, शॉप-फ्लोअरच्या बोलीत ड्यू पॉइंट. हवा ज्या तापमानापर्यंत थंड केली की तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते ते तापमान. गार पाण्याच्या तांब्यावर बाहेरून जे थेंब जमतात ते याच नियमाने जमतात. या आकड्याचा मोठा गुण असा, की तो थेट धोक्याची सीमा सांगतो. लाइनमधली सर्वांत थंड जागा दवबिंदूच्या वर असेल, तर तिथे पाणी सुटणार नाही. पण एक अट आहे. हवा दाबाखाली असतानाचा दवबिंदू आणि तीच हवा मोकळी सोडल्यावरचा दवबिंदू यांत मोठी तफावत असते. ७ बारला अधिक ३ अंश असलेली हवा वातावरणात सोडून मोजली तर आकडा उणे २० च्याही खाली दिसतो. दाबाखाली उणे ४० असेल, तर मोकळ्या हवेत तो उणे ५७ च्या आसपास येतो. खरेदीच्या कागदावर नुसते ‘ड्यू पॉइंट उणे ४०’ असे लिहिले आणि कुठल्या दाबाला ते लिहिले नाही, तर पुरवठादार आणि ग्राहक दोघेही प्रामाणिक असूनही भांडण उभे राहते. म्हणून या पुस्तकात जिथे जिथे दवबिंदू येतो, तिथे दाब सोबत दिला आहे.

या विद्येची मुळे कारखान्यात नाहीत, हवामानाच्या अभ्यासात आहेत. जिनिव्हाच्या सोस्यूरने १७८३ मध्ये माणसाच्या केसाची लांबी ओलाव्याने बदलते यावर आधारलेल्या आर्द्रतामापकाचे सविस्तर विवेचन प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला डाल्टनने सांगितले, की मिश्रणातला प्रत्येक वायू आपापला दाब स्वतंत्रपणे देतो. या नियमाकडे आपल्याला पुढे परत यावे लागणार आहे. १८२० मध्ये डॅनिएलने ईथरच्या बाष्पीभवनाने काचेचा गोळा थंड करून त्यावर दव कधी जमते ते पाहण्याचे उपकरण तयार केले, आणि पुढे फ्रान्समध्ये रेन्योने १८४० च्या दशकात त्याला अचूक रूप दिले. आजच्या सर्वांत भरवशाच्या मापकामागचे तत्त्व तेच आहे.

दाबलेली हवा उद्योगात मोठ्या प्रमाणावर आली ती आल्प्सच्या पोटात. फ्रान्स आणि इटली यांना जोडणाऱ्या माँ सनी बोगद्यात सोमेइये या अभियंत्याची हवेवर चालणारी ड्रिल १८६१ पासून लागली आणि १८७० च्या अखेरीस दोन्ही बाजू भेटल्या. १८८० च्या दशकात पॅरिसमध्ये पॉपच्या कंपनीने रस्त्याखालच्या पाइपांतून घड्याळांना आणि मग छोट्या कारखान्यांच्या मोटरींना दाबलेली हवा पुरवली. तिथे ओलाव्याने आपले खरे रूप दाखवले. हवा मोटरीत प्रसरण पावताना इतकी थंड होते, की तिच्यातल्या वाफेचा बर्फ होऊन बाहेर जाण्याची वाट बुजते. उपाय म्हणून मोटरीआधी हवा तापवत. पाणी काढण्याऐवजी त्याला गोठू न देणे, ही त्या काळची पद्धत होती.

हवा खरोखर कोरडी करण्याचे मार्ग विसाव्या शतकात पक्के झाले. त्यांचे दोन मोठे संप्रदाय आहेत आणि आजही कारखान्यात निवड त्यांच्यातच करावी लागते.

पहिला संप्रदाय थंडाव्याचा. हवा शीतयंत्राने ३ अंशांपर्यंत गार करा, सुटलेले पाणी काढून टाका, हवा पुन्हा गरम करून लाइनमध्ये सोडा. खर्च कमी, देखभाल सोपी. मर्यादा एकच, पण पक्की: शून्याच्या खाली गेलात तर यंत्राच्या आतच बर्फ होतो. तरीही ३ अंश हा आकडा कमी लेखू नये. २८ अंशांच्या लाइनमध्ये अशा हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण २० टक्के असते आणि लोखंडी पाइपला गंज चढायला ती पुरेशी नसते. बहुतेक मशीन-शॉपना याहून जास्त काही लागत नाही.

दुसरा संप्रदाय शोषणाचा. १९१९ मध्ये वॉल्टर पॅट्रिक यांनी सिलिका जेल तयार करण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. त्यानंतर सक्रिय अॅल्युमिना आणि १९५० च्या दशकात कृत्रिम झिओलाइट, म्हणजे मॉलिक्युलर सीव्ह, बाजारात आले. पण खरी कलाटणी चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांच्या १९६० च्या पेटंटने मिळाली. दोन टॉवर घ्या. एकात दाबाखालची हवा कोरडी होत असते. तिच्यातलाच छोटा भाग, म्हणजे पर्ज, दुसऱ्या टॉवरमध्ये मोकळ्या दाबाला सोडा, म्हणजे तो फुगून आतले दाणे सुकवून बाहेर जातो. काही मिनिटांनी टॉवरांची अदलाबदल करा. वेगळी उष्णता लागत नाही. ७ बारला हा पर्ज साधारण १५ टक्के असतो आणि त्यामागे साधे गणित आहे: आठ बार निरपेक्ष दाबाची १५ टक्के हवा मोकळी झाली की तिचे आकारमान १.२ पट होते, म्हणजे आत येणाऱ्या दाबलेल्या हवेच्या आकारमानापेक्षा थोडे जास्त. दाणे सुकवायला तेवढे लागतेच.

२०२१ च्या कोविडच्या लाटेत जिल्हा रुग्णालयांच्या आवारात ऑक्सिजनचे जे पीएसए (प्रेशर स्विंग अॅडसॉर्प्शन) प्रकल्प उभे राहिले, ते याच तत्त्वावर चालतात. तिथे झिओलाइट नायट्रोजन पकडतो. पण त्याच्यापर्यंत ओली हवा पोहोचली तर तो आधी पाण्यालाच धरतो, नायट्रोजनसाठी जागा उरत नाही आणि ऑक्सिजनची शुद्धता घसरते. ज्या प्रकल्पावर माणसांचे श्वास अवलंबून आहेत त्याचे आरोग्य आधी बसवलेल्या साध्या एअर ड्रायरवर टिकून असते, हे ध्यानात घेतले तर या विषयाला निव्वळ ‘युटिलिटी’ म्हणून बाजूला सारता येत नाही.

कोरडेपणाचे उपाय वाढत गेले तसा मोजण्याचा प्रश्न अवघड होत गेला. उणे ४० आणि त्याखाली केसाचा किंवा ओल्या-सुक्या थर्मामीटरचा काही उपयोग नाही. थंड आरशाच्या मापकाने डॅनिएलची परंपरा पुढे चालवली: छोटा आरसा विजेने थंड करायचा, प्रकाशझोताने त्यावर जमणारे दव किंवा हिमकण ओळखायचे आणि त्या क्षणाचे आरशाचे तापमान वाचायचे. तो मूळ राशीच मोजतो, म्हणून प्रयोगशाळेत त्याला मान आहे. पण तेलकट हवेत आरसा मळतो आणि किंमतही जास्त असते. १९५३ मध्ये आन्सबाखर आणि जेसन यांनी अॅनोडाइज केलेल्या अॅल्युमिनियमच्या थराचे विद्युत गुणधर्म पाण्याच्या वाफेने बदलतात हे दाखवले आणि त्यातून अॅल्युमिनियम ऑक्साइड सेन्सरचे घराणे निघाले. हे सेन्सर उणे ७० आणि त्याखालीही वाचतात, पण वयाबरोबर सरकतात आणि नियमित कॅलिब्रेशन मागतात. १९७३ मध्ये फिनलंडच्या वायसालाने पातळ पॉलिमर थराचा कपॅसिटिव्ह सेन्सर आणला. त्याच्या पुढच्या पिढ्या स्वतःला तापवून आपले शून्य तपासतात. ड्रायरवर कायमचा बसवायला आज बहुधा हेच घेतात. अतिशुद्ध वायूंसाठी फॉस्फरस पेंटॉक्साइडचे विद्युत-अपघटनी मापक आणि अलीकडे लेसर शोषणाचे मापक वापरतात. पण सर्वसाधारण कारखान्याला त्यांची गरज क्वचितच पडते, म्हणून पुस्तकातही त्यांना थोडीच पाने दिली आहेत.

माझ्या मते सेन्सर कुठला घ्यावा यापेक्षा नमुना कसा घ्यावा हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. डाल्टनचा नियम इथे कामी येतो. लाइनमध्ये ७ बार दाब आहे, म्हणजे गळती झाली तर हवा आतून बाहेर जाणार, हे खरे. पण पाण्याची वाफ हवेच्या दाबाची पर्वा करत नाही. ती फक्त स्वतःचा दाब पाहते. दाबाखाली उणे ७० असलेल्या लाइनमध्ये वाफेचा दाब पाव पास्कलच्या आसपास असतो. बाहेर मुंबईच्या हवेत तो तीन हजार पास्कलच्या वर. वाफेच्या नजरेतून बाहेरचा दाब आतल्यापेक्षा दहा हजारपटींहून मोठा आहे. त्यामुळे रबरी किंवा नायलॉनची नळी वापरून नमुना घेतला, तर सात बारच्या दाबाविरुद्ध बाहेरचा ओलावा नळीच्या भिंतीतून झिरपत आत येतो आणि मीटर उणे ५० दाखवतो. ड्रायर निर्दोष असतो, पण दाणे बदलायचा निर्णय होऊन जातो. स्टेनलेस स्टीलची आखूड नळी, नाइलाजच असेल तर पीटीएफई, कमीत कमी जोड आणि सेन्सरनंतर बाहेर सोडण्याच्या बाजूला काही लांबीची नळी, म्हणजे खोलीतली ओल उलटी शिरणार नाही: हे साधे नियम पाळले तर बहुतेक तक्रारी तिथेच मिटतात.

त्याच्याबरोबर धीरही लागतो. मीटर कोरड्याकडून ओल्याकडे काही सेकंदांत धावतो. ओल्याकडून कोरड्याकडे मात्र तासन्‌तास रांगत जातो, कारण नळीच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेले पाण्याचे रेणू हळूहळू सुटतात. जोडणी करून पाच मिनिटांत घेतलेला आकडा नळीचा असतो, हवेचा नसतो. आलेख काढावा, तो सपाट होईपर्यंत थांबावे आणि मगच सही करावी.

आता नियंत्रणाकडे. आयएसओ ८५७३-१ या मानकात दाबाखालच्या दवबिंदूनुसार पाण्याचे वर्ग ठरवले आहेत: पहिला वर्ग उणे ७०, दुसरा उणे ४०, तिसरा उणे २०, चौथा अधिक ३, पाचवा अधिक ७, सहावा अधिक १०. उपकरणांच्या हवेसाठी अमेरिकी आयएसए मानक वेगळ्या दिशेने विचार करते: लाइनचा कुठलाही भाग ज्या किमान तापमानाला सामोरा जातो, त्याच्यापेक्षा दवबिंदू किमान १० अंशांनी खाली असावा. मला ही दृष्टी जास्त शहाणपणाची वाटते, कारण ती जागेचा विचार करायला लावते. कोकणपट्टीत छताखालून जाणाऱ्या लाइनला थंडाव्याचा ड्रायर निभावून नेतो. निफाडकडे जानेवारीच्या पहाटे पारा पाचाच्याही खाली येतो. तिथे उघड्यावरून जाणाऱ्या उपकरणांच्या लाइनला तोच ड्रायर पुरणार नाही.

मोठा वाद आहे तो ‘सगळीकडे एकच कोरडेपणा’ विरुद्ध ‘जिथे लागेल तिथे’ असा. एका रंगकामाच्या बूथला किंवा औषधाच्या पावडर-वाहतुकीला उणे ४० लागते म्हणून अख्ख्या कारखान्याची हवा उणे ४० ला नेणारे खूप आहेत. आखणी सोपी होते हे मान्य. पण ५०० सीएफएमच्या उष्णताविरहित ड्रायरचा १५ टक्के पर्ज म्हणजे मिनिटाला दोन घनमीटरहून जास्त हवा. ती दाबायला सुमारे १४ किलोवॉट लागतात आणि वर्षाला आठ हजार तास धरले, तर एक लाख युनिटच्या वर वीज आवाज करत छपरातून बाहेर जाते. शिवाय हा पर्ज घड्याळावर चालतो. कारखाना अर्ध्या भाराने चालू असेल तर तोच १५ टक्क्यांचा ३० टक्के होतो. दवबिंदू मोजून त्यावर टॉवरांची अदलाबदल ठरवली, तर हिवाळ्यात आणि कमी भारात पर्ज बराच घटतो. मोजमापाचा खर्च इथे विजेच्या बिलातून वसूल होतो. एवढा सरळ हिशेब असूनही कित्येक ड्रायरवर मीटर नसतो आणि असला तरी तो नियंत्रणाशी जोडलेला नसतो, याची मला खंत वाटते.

आणखी एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. ड्रायरच्या क्षमतेचे आंतरराष्ट्रीय आकडे बहुधा आत येणारी हवा ३५ अंश आणि भोवतालची हवा २५ अंश धरून काढलेले असतात. विदर्भात किंवा मराठवाड्यात मे महिन्यात कॉम्प्रेसर-रूममध्ये २५ अंश कोण पाहणार? आत येणारी हवा ३५ ऐवजी ४५ अंशांची झाली, तर तिच्यातली वाफ दर घनमीटरला सुमारे ४० ग्रॅमवरून ६५ ग्रॅमवर जाते. कॅटलॉगमधला आकडा जसाच्या तसा घेऊन निवडलेला ड्रायर पहिल्याच उन्हाळ्यात हार मानतो आणि दोष ‘क्वालिटी’वर जातो. सुधारणेचे गुणक कॅटलॉगच्या शेवटच्या पानावर असतात. ते वाचण्याची सवय लागावी, म्हणून या पुस्तकातली सगळी सोडवलेली उदाहरणे आपल्याकडच्या हवामानाची आहेत.

हा विषय आजच का? कारण हवेकडून असलेल्या अपेक्षा बदलल्या आहेत. इचलकरंजीत साध्या मागांच्या जागी एअरजेट माग येत आहेत. तिथे धाग्याला वाहून नेणारी हवाच ओली असेल तर नोझल आणि कापड दोन्ही बिघडतात. चाकण परिसरातल्या वाहन-उद्योगात रंगाच्या थरावर एक थेंब पडला तरी तो भाग पुन्हा घासावा लागतो. गोव्यात आणि तारापूरला औषध-कारखान्यांत हवा थेट गोळीच्या संपर्कात येते. ट्रकच्या एअर ब्रेकमध्येही ड्रायरचे काडतूस असते आणि ते वेळेवर न बदलल्यास टाक्यांत पाणी साचते. दुसरीकडे वीज महागली आहे आणि ऊर्जा-लेखापरीक्षक पहिला प्रश्न हवेबद्दल विचारू लागले आहेत. जास्त कोरडी हवा हवी आणि तीही कमी विजेत, अशा दोन उलट मागण्या एकाच वेळी आल्या आहेत. मोजल्याशिवाय त्यांचा मेळ बसत नाही.

मराठीत या विषयावर सलग लिहिलेले फारसे हाताशी नाही. आयटीआयमधून आलेला मुलगा कॉम्प्रेसर-रूममध्ये उभा राहतो तेव्हा त्याच्यासमोर असते ते इंग्रजी मॅन्युअल आणि वरिष्ठाची ‘रोज सकाळी ड्रेन कर’ एवढी सूचना. का करायचे, किती पाणी यायला हवे, आले नाही तर काय समजायचे, हे त्याला कुणी सांगत नाही. हे पुस्तक प्रथम त्याच्यासाठी आहे. म्हणून ऑटो ड्रेनसारख्या दुर्लक्षित वस्तूला इथे भरपूर जागा दिली आहे. ड्रेन बंद पडला, की सेपरेटरमध्ये साठलेले पाणी थेट ड्रायरमध्ये घुसते आणि शोषक दाणे भिजून भुगा होतात. लाखोंच्या यंत्राचा घात काही हजारांच्या झडपेने होतो. घड्याळावर चालणारा ड्रेन पाण्याबरोबर हवाही सोडतो, पातळी पाहून उघडणारा सोडत नाही. कोणता कुठे बसवावा हे उदाहरणांसह सांगितले आहे.

त्याच वेळी निवड आणि खरेदी करणाऱ्या अभियंत्यालाही हे पुस्तक हाताशी ठेवता यावे, असा प्रयत्न आहे. कोष्टके दाबासहित आहेत, गणिते पायरीपायरीने आहेत आणि जिथे तज्ज्ञांत मतभेद आहेत तिथे माझे मत कोणते हे मी लपवलेले नाही. कुठल्याही कंपनीच्या यंत्राची शिफारस मात्र नाही. परिभाषेत शॉप-फ्लोअरवर रुळलेले शब्दच ठेवले आहेत. ‘पर्ज’, ‘टॉवर’, ‘ड्रेन’, ‘एफआरएल’ यांना नवे पर्याय घडवून वाचणाऱ्याला अडवण्यात अर्थ नव्हता.

क्रमाने वाचण्याची सक्ती नाही. ज्यांच्या लाइनमध्ये आत्ता पाणी येते आहे, त्यांनी दोष शोधण्याच्या प्रकरणापासून सुरुवात करावी आणि तिथल्या पहिल्या कोष्टकात चार आकडे भरावेत: खोलीचे तापमान, आफ्टरकूलरनंतरचे तापमान, ड्रायरआधीचा दाब आणि वापराच्या टोकाशी मोजलेला दवबिंदू. चौथा आकडा भरता येत नसेल, तर नमुना घेण्यावरचे प्रकरण आधी वाचावे.